पामच्या रोपांची पानं पिवळी पडतायत? सोलापूरच्या घरात ती कशी सावरायची

जुळे सोलापुरात नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा हॉलसाठी मी अरेका पामची सात रोपं आणली. वीतभर उंचीची आणि फेब्रुवारीत अगदी हिरवीगार. एप्रिल उजाडला तशी खालची पानं पिवळी पडायला लागली. उन्हाळा आहे, तहान लागली असेल, म्हणून मी पाणी वाढवलं. तरी पिवळेपणा चढतच गेला, मग खत घातलं. पुढे कुणी सांगितलं म्हणून एप्सम सॉल्टही घातलं. मे संपेपर्यंत सातातली चार रोपं गेली.

त्याच सुमारास मोहोळहून मामा आले होते. त्यांची डाळिंबाची बाग आहे. त्यांनी पानांकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी कुंडीत बोट खुपसलं. ‘‘अगं, हिला वाफसाच नाही की! चिखलात उभी केलीयस रोपं.’’

वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण तो शेताचा शब्द, कुंडीशी त्याचा काही संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं. पाणी दिल्यावर माती ओलसर राहते पण हाताला चिकटत नाही, मुळांना ओल मिळते आणि हवाही मिळते, ती अवस्था म्हणजे वाफसा. माझ्या कुंड्यांमध्ये ओल होती आणि हवा अजिबात नव्हती. उरलेली तीन रोपं मी मामांच्या सांगण्याप्रमाणे सावरली. आज ती गुडघ्याच्या वर गेली आहेत आणि नवीन पानं काढतायत.

तुमच्याही घरात पामची रोपं पिवळी पडत असतील, तर खाली दिलेल्या क्रमानेच जा. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी खत आणि मग तपासणी, तर झाड हातचं जातं. माझी चार तशीच गेली.

हाताशी काय ठेवायचं

- खराट्याची एक जाड, कोरडी काडी
- पांढरा कोरा कागद
- जुनी वर्तमानपत्रं, खुरपं, धारदार कात्री
- मोबाइलचा टॉर्च, आणि असेल तर भिंग
- एक वही, किंवा दर रविवारी त्याच जागेवरून काढलेला एक फोटो

मातीची ओल मोजणारं स्वस्तातलं यंत्र मुद्दाम विकत घेऊ नका. त्यातली बरीचशी यंत्रं मातीतून वीज किती वाहते यावरून ओल सांगतात. मातीत क्षार साठलेले असले तर ती कोरड्या मातीलाही ओली म्हणतात, आणि आपल्याकडे क्षार साठतातच. काडी जास्त खरं सांगते.

## १. हा रोग आहे की झाडाचा रंग?

अरेका पामचे देठ आणि बुंधे मुळातच पिवळसर असतात. बऱ्याच रोपांच्या देठांवर बारीक काळे ठिपकेही दिसतात, ते नैसर्गिक असतात. पुष्कळ जण हे ठिपके बघूनच बुरशीनाशक आणायला धावतात. पिवळं काय झालंय ते नीट बघा. पातं पिवळं असेल तरच पुढे वाचा.

सगळ्यांत खालचं एखादं पान अधूनमधून पिवळं होऊन वाळलं, वर नवीन पानं नीट येत असली, तर ते पान म्हातारं झालंय एवढंच. नवीन पानाची सुरळी उलगडताना फिकट पोपटी दिसते, आठ-दहा दिवसांत तिला रंग चढतो. त्यालाही घाबरू नका.

आपल्याकडचं रोप कुठल्या पामचं आहे तेही विचारून ठेवा. अरेका, रॅपिस आणि चामेडोरिया घरात राहू शकतात. खजुराच्या बियांपासून घरीच केलेली रोपं मात्र घरातली नव्हेत. रमजानमध्ये शेजारच्यांनी दिलेल्या खजुराच्या बिया मुलं हौसेने कुंडीत लावतात, त्या रुजतातही. पहिलं पान गवताच्या पात्यासारखं एकेरी येतं, मग ते हॉलच्या कोपऱ्यात फिकट पडत जातं. त्याला दुसरं काहीही झालेलं नसतं, त्याला ऊन हवं असतं. हळूहळू सवय करत त्याला गच्चीवर न्या.

## २. कुठलं पान पिवळं आहे ते वाचा

या पायरीला घाई करू नका. सकाळच्या उजेडात रोप खिडकीपाशी घ्या, एकेक पान वर धरून उजेडासमोर बघा आणि वहीत लिहा: जुनं की नवं, टोक की कड की संपूर्ण पातं.

झाडाची रीत एखाद्या आईसारखी आहे. पोटॅश आणि मॅग्नेशियम कमी पडलं की ते जुन्या पानांच्या ताटातलं काढून कोवळ्या पानांना वाढतं. म्हणून ही उणीव जुन्या, खालच्या पानांवर दिसते. लोह मात्र एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही, म्हणून त्याची उणीव नव्या पानांवर दिसते. एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

खालची पानं सरसकट फिकट होऊन पिवळी, आणि माती ओली: मुळं गुदमरली आहेत. सोलापुरातल्या घरांत मी सगळ्यांत जास्त हेच पाहिलंय. तिसऱ्या पायरीवर जा.

जुन्या पानांच्या कडा रुंद पिवळ्या, मधला पट्टा हिरवा: मॅग्नेशियम कमी.

जुन्या पानांवर उजेडासमोर धरल्यावर दिसणारे पिवळे-नारिंगी ठिपके, टोकं करपलेली: पोटॅश कमी. हे ठिपके नुसत्या नजरेला चटकन दिसत नाहीत, पान उजेडासमोर धरावंच लागतं.

नवीन पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या: लोहाची उणीव. उसावर केवडा पडतो तो हाच. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही ऊसवाल्याला असं पान दाखवा, तो लगेच ओळखेल. बहुतेक वेळा मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे किंवा कुंडीत हवा नसल्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही.

फक्त टोकं तपकिरी, त्याच्या मागे पिवळी रेघ: क्षार, किंवा कोरडी हवा, किंवा दोन्ही.

खिडकीच्या बाजूचीच पानं पांढरट-पिवळी, डाग पडलेली: ऊन लागलंय.

पानांवर बारीक फिकट टिंबं, धूळ बसल्यासारखी: लाल कोळी. आठवी पायरी.

दोन-तीन लक्षणं एकदम दिसली तर गोंधळू नका. मुळं कुजली की झाडाला काहीच उचलता येत नाही, त्यामुळे सगळ्याच उणिवा एकत्र दिसतात. अशा वेळी मुळांकडे आधी बघायचं.

## ३. काडी घाला, वाफसा बघा

खराट्याची कोरडी काडी कुंडीच्या कडेने पार तळापर्यंत घाला, दहा मिनिटं ठेवा आणि बाहेर काढा. वरून दोन बोटं माती कोरडी आणि खाली काडी गडद ओली, माती चिकटलेली, असं असेल तर पाणी देऊ नका. काडीला ओल जाणवतेय पण माती चिकटत नाही, तर वाफसा आहे, अजून थांबा. तळापासून वरपर्यंत काडी जवळजवळ कोरडी निघाली, तर पाणी द्या. काडीला नाक लावा. चांगल्या मातीला पहिल्या पावसाचा वास येतो, कुजक्या मुळांच्या कुंडीला गटाराचा.

कुंडी उचलूनही बघा. पाणी दिल्यावर ती किती जड लागते आणि चार दिवसांनी किती हलकी होते, हे हाताला आठवड्याभरात कळायला लागतं. पुढे काडीची गरजही उरत नाही.

आता आपल्या गावातल्या सगळ्यांत मोठ्या चुकीबद्दल सांगते. नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पाणी आलं की आपण टाक्या, पिंपं, घागरी भरतो, फरशी धुतो आणि उरलेलं पाणी झाडांना ओततो. पाणी येईल त्या दिवशी झाडांना भरपूर, एरवी थेंब नाही, अशी आपली सवय पडून गेली आहे. आपल्या घरातलं वेळापत्रक नळाचं आहे, कुंडीचं नाही. कुंडी अजून ओली असली तरी नळ आला म्हणून आपण पुन्हा भिजवतो, कारण परत पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो. माझ्याकडे नेमकं हेच होत होतं. मे महिन्यात कुंडीची वरची माती तडकलेली दिसायची, म्हणून मी नळाच्या दिवशी अर्धी बादली ओतायची. तळात मात्र मागच्या वेळचं पाणी तसंच असायचं.

यावर मी साधी सोय केली. झाडांसाठी झाकणाचा एक वेगळा कॅन भरून ठेवला, आणि त्यातून काडी सांगेल तेव्हाच द्यायचं. उन्हाळ्यात माझ्या आठ इंची कुंड्यांना साधारण तीन-चार दिवसांनी लागतं, पावसाळ्यात आणि थंडीत आठ-दहा दिवसांनी. तुमच्या घरात हे आकडे वेगळे निघतील, म्हणून काडी घालायची.

पाणी द्याल तेव्हा तळाच्या भोकातून थोडं बाहेर येईपर्यंत द्या, आणि बशीत साठलेलं अर्ध्या तासाने ओतून टाका. घोटभर पाणी रोज देणं हे दोन्हीकडून वाईट आहे. वरची मुळं सतत ओली राहतात आणि खालपर्यंत पाणी पोचत नाही.

शोभेच्या बिनभोकाच्या कुंडीत प्लॅस्टिकची कुंडी ठेवली असेल, तर आत्ता उठून ती उचलून बघा. तळाशी पाणी असणार.

कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडत असतील, तर तीही माती सतत ओली असल्याचीच खूण आहे.

## ४. मुळं बघायची वेळ

काडीला वास आला, किंवा माती ओली असूनही पानं पिवळी होऊन लोळायला लागली, तरच कुंडी उपसा. पामला मुळं हलवलेली आवडत नाहीत. उगाच बघायला म्हणून रोप काढू नका.

वर्तमानपत्र अंथरा, कुंडी आडवी करा, कडेने थापट्या मारा आणि मातीचा गोळा अख्खा बाहेर सरकवा. बुंध्याला धरून ओढू नका. निरोगी मूळ पांढरट किंवा मळकट पिवळं, कडक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं, मऊ असतं. ते चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्यासारखा धागा उरतो. माझ्या चौथ्या रोपाची सगळी मुळं अशीच होती. एकही पांढरं टोक सापडलं नाही.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट दिसली. नर्सरीच्या पिशवीतला लाल मातीचा गोळा तसाच घट्ट होता, आणि त्याच्याभोवती मी भरलेली काळी माती. दोन्ही माती एकमेकींत मिसळल्याच नव्हत्या. मधल्या लाल गोळ्याचा गाभा कोरडा खडखडीत, बाहेर काळा चिखल. काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग पाणी त्या फटीतून सरळ खाली पळतं. शेतात ज्वारीला हीच माती सोन्यासारखी आहे, कारण तिथे तिला खोली मिळते. आठ इंची कुंडीत ती पामची मुळं गुदमरवते. शेतातून पोतंभर फुकट मिळते म्हणून ती कुंडीत भरू नका.

नवीन माती मी अशी करते: २ घमेली धुतलेलं कोकोपीट, १ घमेलं लाल माती, १ घमेलं जाड वाळू किंवा परलाइट (कुंडीसाठी मिळणारे पांढरे, हलके खडे), १ घमेलं चाळलेलं गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी फेकून द्या, आणखी दोनदा भिजवून पिळा. त्यात पुष्कळदा मीठ असतं.

कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा. चांगल्या मुळांभोवतीची माती धुऊन काढायचा मोह आवरा, फक्त बाहेरचा चिखल सैल करा. कुंडी आधीपेक्षा फार तर २ इंचांनी मोठी घ्या, आणि मुळं फारच कमी उरली असतील तर उलट लहान घ्या. मोठ्या कुंडीतलं पाणी लहानशा मुळांना पिऊन संपत नाही, पुन्हा तोच चिखल होतो. बुंधा आधी होता तेवढाच मातीत ठेवा. रोप हलतंय म्हणून खोल पुरलं तर नवीन पानांवर केवडा आलाच म्हणून समजा. हलत असेल तर काडीचा आधार द्या.

तळाला खडी घालायची जुनी सवय सोडा. खडीच्या थरामुळे पाणी लवकर निचरत नाही, ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर एक खापरी पालथी ठेवली की पुरे.

अरेकाच्या एका कुंडीत नर्सरीवाले दाट दिसावं म्हणून पुष्कळ रोपं एकत्र लावतात. ती सुटी करायची असतील तर जून-जुलैपर्यंत थांबा. उन्हाळ्यात घड फोडला तर निम्मी रोपं टिकत नाहीत.

कुंडी बदलल्यावर किमान महिना-दीड महिना खत नको.

## ५. पाणी कसलं देताय?

बोअरचं पाणी असेल तर हीटरच्या कॉइलवरचा पांढरा थर आठवा. तोच थर हळूहळू कुंडीत साठतो. मातीच्या कुंडीला बाहेरून पांढरे ओघळ दिसतात, प्लॅस्टिकच्या कुंडीत मातीवर पांढरी साय येते. त्या क्षारांनी टोकं करपतात आणि माती चुनखडीची होत गेली की लोह अडतं. मचूळ पाण्याने शेतं चोपण झालेली आपण पाहतो, कुंडी तर त्याहून फार लवकर होते.

पाणी रात्रभर उघडं ठेवा, असा सल्ला सगळेच देतात. त्याने क्लोरिन उडून जातं, क्षार मात्र जिथल्या तिथे राहतात. पिंपातलं बोअरचं पाणी आठवडाभर ठेवलं तरी गोडं होणार नाही.

काय वापरायचं: पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. त्याखालोखाल एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी, त्यात क्षार नसल्यात जमा असतात. बादली लावून ठेवा. नळाचं पाणी चालतं. बोअरचंच असेल तर त्यात निम्मं एसीचं किंवा पावसाचं मिसळा.

काय अजिबात वापरायचं नाही: पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या दुसऱ्या नळीतून बाहेर टाकलं जाणारं पाणी. ते वाया जाऊ नये म्हणून आपण झाडांना देतो, मनाने चांगलं असतं ते. पण यंत्राने आपल्या पिण्याच्या पाण्यातले सगळे क्षार त्यातच ढकललेले असतात. त्याने फरशी पुसा, गाडी धुवा. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीही तसंच. कूलर पाण्याची वाफ करतो, क्षार टाकीतच राहतात आणि रोज घट्ट होत जातात.

क्षार साठले असतील तर माती धुवा. कुंडी बाथरूममध्ये किंवा गच्चीवर न्या, वरची पांढरी साय खरवडून टाका. कुंडीच्या दुप्पट-तिप्पट गोडं पाणी सावकाश, थांबत थांबत ओता आणि खालून पूर्ण वाहून जाऊ द्या. वर्षातून दोन-तीनदा हे करावं. मुळं कुजत असताना मात्र करू नका.

## ६. उजेड आणि कूलर

दुपारी दिवा न लावता रोपाच्या जागी बसून वर्तमानपत्र आरामात वाचता आलं, तर उजेड पुरेसा आहे. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. पश्चिमेच्या काचेतून एप्रिल-मेमधलं दुपारचं ऊन थेट आत येत असेल, तर पारा ४२-४३ वर गेलेला असताना काचेलगतची पानं भाजतात. रोप दोन-तीन फूट आत घ्या, किंवा पातळ पडदा लावा.

अंधाऱ्या कोपऱ्यातलं रोप लगेच मरत नाही. सुरळी बारीक येते, देठ लांबतात, पानं फिकट होतात आणि माती वाळत नाही. त्यामुळे कमी उजेडातल्या कुंडीला पाणीही कमी लागतं. एकाच घरातल्या दोन कुंड्यांना एकाच दिवशी पाणी द्यायची गरज नसते, ती यामुळेच.

कूलरची ओलसर हवा खोलीत असणं रोपाला बरं, पण झोत थेट पानांवर नको. रोप झोताच्या बाजूला ठेवा. एसीच्या थेट खाली तर नकोच, टोकं वाळतात.

## ७. खत, तेही शेवटी

इथपर्यंतच्या पायऱ्या झाल्या, मुळं पांढरी आहेत, माती वाफशावर येतेय, आणि तरी दुसऱ्या पायरीतलं उणिवेचं लक्षण दिसतंय, तर आणि तरच खत.

साधारण अशक्तपणासाठी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत १ ग्रॅम प्रति लिटर. चहाचा एक सपाट चमचा पाच लिटर पाण्यात, असा अंदाज धरा. वीस दिवसांतून एकदा, आधी भिजलेल्या मातीलाच. पोटॅशसाठी कृषी सेवा केंद्रात ‘शून्य शून्य पन्नास’ (पोटॅशियम सल्फेट) मागा, तेही १ ग्रॅम प्रति लिटर. लाल पोटॅश स्वस्त पडतं पण त्यात क्लोराइड असतं, आपल्या आधीच खारट कुंडीत ते नको. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट, चहाचा एक सपाट चमचा दोन लिटरमध्ये, महिन्यातून एकदा. किलोची पुडी घरच्या कुंड्यांना वर्षानुवर्षं संपत नाही, मजल्यावरच्या दोघी-तिघींनी मिळून घ्या.

केवड्यासाठी हिराकस (फेरस सल्फेट) घालायचं सुचवतात. चुनखडीच्या मातीत ते पटकन निकामी होतं. त्याऐवजी ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मातीत लगेच अडकून पडत नाही अशा रूपातलं, मागा. दुकानात ईडीटीए प्रकारचं स्वस्त मिळेल, पण आपल्या मातीत ते फार टिकत नाही. पुडीवरचं प्रमाण पाळा, रोप लहान आहे म्हणून त्याच्या निम्म्याने सुरुवात करा.

घरगुती उपायांतले काही आपल्या गावासाठी उलटे पडतात. अंड्याची टरफलं आणि चुलीची राख मातीचा चुनखडीपणा वाढवतात, तो आपल्याकडे आधीच जास्त आहे. दूध-साखरेच्या चहाचा चोथा टाकला की चिलटं येतात. लिंबू पिळलेल्या पाण्याचं प्रमाण कुणालाच नीट सांगता येत नाही, त्या वाटेला जाऊ नका.

नुकत्या रुजलेल्या रोपांना खत लागत नाही. नारळाचं रोप कित्येक महिने त्या नारळावरच जगतं. खजुराची बीसुद्धा सुरुवातीला रोपाला पोसते.

## ८. लाल कोळी

मार्च ते जून, कोरड्या हवेत, हे हमखास. पांढरा कागद पानाखाली धरा आणि पानावर टिचकी मारा. कागदावर पडलेले कणाएवढे ठिपके चालायला लागले की तो लाल कोळी. जास्त झाला तर पात्यांच्या बेचक्यात बारीक जाळीही दिसते.

रोप बाथरूममध्ये न्या, मातीवर प्लॅस्टिक बांधा, आणि पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा चांगला फवारा मारा. हे एकदा करून भागत नाही. उन्हाळ्यात आठवड्याभरात कोळ्यांची नवीन पिढी तयार होते, म्हणून चार-पाच दिवसांच्या अंतराने तीनदा तरी करा. धुऊनही राहिले तर ५ मिली कडुनिंबाचं तेल, साबणाच्या काही थेंबांसह, लिटरभर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा. दुपारी फवारलं तर पानं भाजतात.

देठाच्या खोबणीत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि वरचाच फवारा द्या.

## ९. पान कापायचं का, आणि किती थांबायचं

पूर्ण वाळलेलं, तपकिरी पान कापा. अर्धं पिवळं, अर्धं हिरवं पान राहू द्या, विशेषतः पोटॅशची उणीव असेल तर. झाड त्या पानातूनच नव्या पानाला पोसत असतं. आपण ते दिसायला वाईट म्हणून काढलं, तर पिवळेपणा एक पायरी वर सरकतो. करपलेली टोकं कात्रीने तिरकी छाटायला हरकत नाही, फक्त हिरव्या भागात कापू नका, बारीकशी तपकिरी कड राहू द्या.

जुनी पिवळी पानं बहुतेक पुन्हा हिरवी होत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. नवीन सुरळीकडे बघा. सुरळीवर आज देठाच्या पातळीला पेनाने बारीक खूण करा. दोन-तीन आठवड्यांत खूण वर सरकली तर रोप जिवंत आहे आणि तुम्ही बरोबर वाटेवर आहात. या काळात रोज नवा उपाय करू नका. एका वेळी एकच बदल, मग किमान पंधरा दिवस थांबायचं. मी पाणी, खत आणि जागा तिन्ही एकदम बदललं होतं, त्यामुळे चुकलं कुठे ते कळलंच नाही.

सुरळी हलक्या हाताने ओढून बघा. घट्ट असेल तर ठीक. अलगद निसटून हातात आली आणि बुडाला दुर्गंधी आली, तर कोंब कुजलाय. पामच्या एका बुंध्याला वाढीचा एकच कोंब असतो, तो गेला की त्या बुंध्याला दुसरा फुटत नाही. अरेकाच्या घडातले बाकीचे बुंधे चांगले असतील तर कुजलेला तेवढा बुडापासून काढा. एकेरी रोप असेल तर ते काढून टाका.

गेलेल्या रोपाची माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका, मीही एकदा तो काटकसरीचा विचार केला होता आणि पाचवं रोप थोडक्यात वाचलं. माती घराबाहेर टाका. कुंडी ब्रशने घासून घ्या आणि गच्चीवर दोन-तीन दिवस उन्हात पालथी ठेवा. जून लागला की नवीन रोप आणा, आणि पहिल्या चांगल्या पावसाला गच्चीच्या पन्हाळीखाली झाडांचा कॅन लावायला विसरू नका. पहिल्या सरीचं पाणी धुळीचं असतं, ते वाहू द्या, दुसऱ्या सरीपासून भरा.